शेवंतीची तोंडी परीक्षा

एका जंगलात, मुलांनो, एक विद्यापीठ होतं. हसू नका. तुमच्या गावात चालतं, मग जंगलाने काय घोडं मारलंय?

तिथे तौलनिक साहित्य आणि विश्वसंस्कृती असा एक मोठा विभाग होता. विभागप्रमुख होते रानडुक्कर सर. वानरांच्या वाङ्मयावर त्यांचे तीन जाडजूड ग्रंथ होते. वानरांची भाषा मात्र त्यांना येत नव्हती. कावळ्यांनी केलेली भाषांतरं वाचून त्यांनी सगळं भागवलं होतं.

शेवंती नावाची हरिणी त्यांच्याकडे पीएचडी करत होती. विषय होता, 'वानर आणि मोर यांच्या हाका'. पोरगी जरा वेडीच. भाषांतरं सोडून थेट झाडाखाली जाऊन बसली. चार पावसाळे एका म्हाताऱ्या वानरिणीकडून धडे घेतले. चुका केल्या, हसं करून घेतलं, पण भाषा शिकली. पदवी मिळाली की याच विभागात शिकवायचं, एवढंच तिचं स्वप्न होतं.

तोंडी परीक्षेचा दिवस उजाडला. बाहेरच्या परीक्षक म्हणून माळावरच्या नीलगाय बाई आल्या.

"हाकेतला 'मी' नेमका कोण?" बाईंनी सुरुवात केली.

शेवंती तोंड उघडणार, तोच वरच्या फांदीवरून त्या म्हाताऱ्या वानरिणीची हाक आली. खक्! खक्! खक्!

"वा!" सर म्हणाले. "उदाहरण आयतंच मिळालं. हं, करा विश्लेषण."

शेवंती ताडकन उठली. "सर, वाघ आलाय."

"हा झाला शब्दार्थ. प्रतीक कशाचं?"

"वाघाचंच, सर! करवंदीच्या जाळीमागे आहे. उठा, पळा!"

"संदर्भ?" बाईंनी चष्मा सावरला.

"ती काय, वर बसलीय!"

"अप्रकाशित दिसतंय," असं म्हणून बाई टिपण काढू लागल्या.

शेवंतीने प्रबंधाकडे पाहिलं. तिला रडू आलं. मग ती पळाली.

वाघाने आधी सरांना खाल्लं, मग बाईंना. टिपण अर्धवट राहिलं.

विद्यापीठाने रीतसर चौकशी केली. परीक्षा मध्येच सोडून गेल्याबद्दल शेवंतीला नापास केलं. विभागात जागा रिकामी झालीच होती, तिने अर्ज केला. 'पीएचडी नाही' असा शेरा मारून तो परत आला.

आता ती कळपातल्या पाडसांना झाडाखाली फुकट शिकवते. त्यातलं एकही पाडस आजवर वाघाच्या तोंडी गेलेलं नाही. मला तिचा फार अभिमान वाटतो. पण विद्यापीठात याला गुण नाहीत.

तात्पर्य : दुसऱ्याच्या भाषेचा अभ्यास जरूर करावा, ती समजून घेऊ नये. समजली की नुसता जीव वाचतो.