बिनमिठाची कॉफी

माझ्यासारखा निगरगट्ट माणूस तुर्कस्तानातल्या अख्ख्या कोन्या शहरात सापडायचा नाही! आमच्याकडे मागणी घालायला गेलं की मुलगी नवऱ्यामुलाच्या कॉफीत मीठ घालून आणते. हूं की चूं न करता प्यायलात तर पास, तोंड वाकडं केलंत की घरी! मी आठवडाभर खारट कॉफीचा सराव केला. वय अडतीस, दोन स्थळं आधीच मोडलेली, आणि नेविन मला मनापासून आवडली होती.

एक गोष्ट मात्र विसरलो. दिवसभर डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करतो मी. वारा सुटला की डोळे वाहायला लागतात. त्या दिवशी नेमका वारा!

नेविनने कप दिला. मी घोट घेतला, हसलो, आणि डावा डोळा गळायला लागला. मागोमाग उजवा!

"नेविन!" तिचे वडील रेम्झी बे कडाडले. "मीठ घातलंस की मिठागर?"

"बाबा, मी मीठ घातलंच नाही! दया आली यांची."

रेम्झी बेंनी माझा कप चाखून बघितला. गोड!

"मग रडतोस कशाला? जबरदस्तीने आणलंय का तुला?"

"छे हो!" मी डोळे चोळले. ते आणखीच वाहायला लागले.

माझ्यासोबत मागणी घालायला आलेली माझी पाकिझे आत्या मदतीला धावली. "हळवा आहे हो पोरगा! पहिलं स्थळ मोडलं तेव्हाही..."

"म्हणजे जुनीच मनात आहे!" रेम्झी बेंनी आम्ही नेलेला मिठाईचा डबा आत्याच्या मांडीवर परत ठेवला. संपलं सगळं!

"थांबा बाबा!" नेविन डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स. तिने माझी पापणी खाली ओढून बघितली. "डोळे कोरडे पडलेले दिसतात."

"कोरडे? माझा गालिचा भिजला!"

"कोरडे डोळे चुरचुरतात, म्हणून जास्त पाणी सुटतं. ॲलर्जी असेल, अश्रूंची नळी तुंबली असेल, तर तेही डॉक्टर बघतील. तुम्ही आधी चोळणं बंद करा!" तिने कोमट फडकं माझ्या डोळ्यांवर ठेवलं. "सोमवारी दवाखान्यात या. मी असते."

फडक्याखाली मला मिठाईचा डबा उघडल्याचा आवाज आला आणि जीव भांड्यात पडला.

डॉक्टरांनी थेंब दिले, तेही कृत्रिम अश्रूंचे! वाहत्या डोळ्यांना वर आणखी अश्रू! पण महिन्याभरात डोळे ठणठणीत.

साखरपुड्याला आमच्याकडच्या रीतीप्रमाणे रेम्झी बेंनी आमच्या अंगठ्यांना बांधलेली लाल फीत कापली आणि मला रडूच फुटलं. खरंखुरं, आनंदाचं!

"धरा रे त्याला!" सासरे ओरडले. "नेविन, थेंब आण!"

तिघांनी मला सोफ्यावर आडवं केलं. ते अश्रू माझे स्वतःचे होते हो! पण अजून कोणी मानत नाही.