जयवंत कमिंग

"जातंय म्हणूचा नाय रे झिला, येतंय म्हणूचा!" आई चाळीच्या गॅलरीतून ओरडायची. दप्तर घेऊन जिन्यापर्यंत पोचलेला जयवंत परत फिरायचा, उंबऱ्याला पाय लावून "येतंय गो" म्हणायचा आणि मगच शाळेत पळायचा. आईला जाऊन वीस वर्षं झाली. पण छप्पन्नाव्या वर्षी तिचा तो आवाज त्याच्या इंग्रजीला आडवा आला.

परळच्या एका काचेच्या टॉवरमध्ये जयवंत सिक्युरिटी सुपरवायझर. हितेंद्र नावाचे नवे साहेब आले आणि हुकूम सुटला: संध्याकाळी घरी निघताना इंग्रजीत मेसेज टाकायचा, जमत नसेल त्याने नाइट ड्यूटी घ्यायची. नाइट लागली की जयवंतची ठाकूरद्वारची इंग्रजीची शिकवणी बुडणार होती. आणि त्या शिकवणीवर त्याचा भारी जीव.

शिकवायच्या सुमेधाबाई, पोस्टातून रिटायर झालेल्या.

"म्हणा, आय ॲम गोइंग."

"आय ॲम..." जयवंतने जीभ चावली. "बाई, अभद्र वाटतं हो."

"इंग्रज रोज म्हणायचे. काय बिघडलं त्यांचं?"

"राज्य गेलं ना बाई!"

बाई खुदकन हसल्या. कोपऱ्यात पुस्तकांचे गठ्ठे सुतळीने बांधून ठेवलेले. त्याने विचारलं तर म्हणाल्या, "साफसफाई," आणि लगेच भूतकाळ घ्यायला लागल्या.

सोमवारी सहाला जयवंतने मेसेज टाकला, "सर, आय ॲम कमिंग," आणि ठाकूरद्वारची बस धरली. वर साहेबांनी त्याच्यासाठी चहा मागवला. चहावर साय आली, जयवंत येईना. सातला साहेबांनी विचारलं, "व्हेअर आर यू?"

जयवंत बाईंच्या जिन्यात होता. खोटं कशाला बोला? "सर, आय ॲम ऑन द स्टेप्स."

साहेबांनी गार्ड धनेशला जिन्यात पिटाळलं. बावीस मजले, जयवंत कुठेच नाही. "आर यू ओके?"

बसमध्ये उभं राहून जयवंतचे पाय भरून आले होते. त्याने तेही कळवलं. "सर, माय लेग्ज आर फुल." आणि फोन बंद केला, कारण वर्गात फोन बाईंना चालत नसे.

इकडे साहेबांना वाटलं, जयवंत जिन्यातच कुठेतरी कोसळला. लिफ्ट थांबल्या, भोंगा वाजला, अख्खा टॉवर जिन्याने खाली उतरला आणि समोरच्या हॉस्पिटलमधून आलेलं स्ट्रेचर त्याच जिन्याने वर निघालं. मध्ये अडकलेला धनेश बोंबलत होता, "अरे, सुपरवायझर घरी गेले असतील रे!"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये खुलाशासाठी कोरा कागद पुढे केला. "लिखो. इंग्लिश में. वरना आज से नाइट."

जयवंतने घाम पुसला आणि लिहिलं, "सर, इन माय हाउस नोबडी गोज. एव्हरीबडी ओन्ली कम्स. माय मदर टोल्ड."

साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग चष्मा काढला. "मेरी बा भी दरवाजे पे 'आवजो' ही बोलती थी, मतलब 'फिर आना'," ते आपल्या गुजराती आईच्या आठवणीने हळूच म्हणाले. "जाओ, डे ड्यूटी. मगर मेसेज में 'गोइंग' लिखना, मेरे बाप!"

संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन जयवंत दोन-दोन पायऱ्या चढत बाईंकडे पोचला. "बाई, दिवसपाळीच राहिली! शिकवणी चालू!"

बाईंनी पेढा घेतला, पण तोंडात घातला नाही. भिंतीवरचं घड्याळही उतरवलेलं होतं.

"बसा जयवंत. एक वाक्य आहे." त्यांनी पदर सारखा केला. "आय ॲम..."

पुढचं येईना. बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. "आय ॲम... क..."

जयवंतने गठ्ठ्यांकडे पाहिलं, घड्याळाच्या खिळ्याकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात पुढचा शब्द सुचवला.

"गोइंग, बाई."

"हो," बाई म्हणाल्या. "रविवारी. नाशिकला, लेकीकडे, वैदेहीकडे, कायमची. पंधरा दिवस झाले, जिभेवर येतच नव्हतं हो."