लस येई ऱ्हायनी

बस उशिरा येते, हे दामूआप्पांनी आयुष्यात कधी कबूल केलं नाही. शहाद्याच्या स्टँडवर ते कंट्रोलर होते. गाडी निघालेलीच नसली तरी प्रवाशाला उत्तर एकच, "येई ऱ्हायनी," म्हणजे येतेच आहे. निवृत्तीनंतर हा गुण वाया जाऊ नये म्हणून ते माझ्या दवाखान्याच्या बाकावर येऊन बसू लागले.

यंदा फ्लूची लस वेळेवर आली नाही. पुरवठादार म्हणायचा, वरूनच माल नाही. हे 'वर' नेमकं कुठे, ते त्यालाही ठाऊक नसावं. मी पेशंटना खरं ते सांगायचो, आप्पा बाकावरून धीर द्यायचे, "सुरतहून निंघनी शे. येई ऱ्हायनी." लोकांचा विश्वास अर्थातच आप्पांवर.

आप्पांना घाई होती ती बायकोसाठी. शांताक्कांना दमा. मागच्या थंडीत साध्या तापाचं निमित्त होऊन त्यांना ऑक्सिजन लावावा लागला होता. तेव्हापासून आप्पा दारातच पाहुण्यांची तपासणी करतात. शिंकणाऱ्या व्याह्यांना त्यांनी ओट्यावरच चहा पाजून परत पाठवलं. व्याही अजून बोलत नाहीत. आप्पांच्या मते हा दुहेरी फायदा.

लस आली तोवर निम्मं गाव खोकून मोकळं झालं होतं. आधी रोज विचारणारी मंडळी आता मलाच शहाणपण शिकवू लागली. कळसाडीचे एक बागायतदार म्हणाले, "इतला दिन वाटमा पडेल व्हती, ती शियी व्हई गई व्हई." भाकरी शिळी होते तशी लसही होते, हा शोध दोन दिवसांत तालुकाभर पोचला. माझा फ्रीज भरलेला आणि बाक रिकामा.

आप्पांनी मात्र स्वतःच्या आधी दूधवाला, भांडीवाली, शेजारची सून, घरात पाय टाकणाऱ्या सगळ्यांना दंडाला धरून आणलं. आक्का तेवढ्या आल्या नाहीत. आदल्याच दिवशी त्यांना ताप भरला होता. मी घरी जाऊन तपासलं, औषधं सुरू केली. लस आता ताप उतरल्यावर, म्हणालो. आप्पांनी आक्कांच्या उशाशी स्टूल ओढलं. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच आले आणि बाही वर केली.

"आप्पा, हिचा असर व्हायला दोन आठवडे लागतात," मी सांगितलं.

"चाली. टोची दे भो," ते म्हणाले. "तिन्हाजोडे रातदिन मीच बठस. मी पडनू तं तिले पानी कोन देई?"