देशमाने सरांची संयोगभूमी

विश्रांतवाडीतल्या ‘सुखनिवास’ सोसायटीत पुढची आणि मागची अशा दोन इमारती आहेत, आणि दोन्हींच्या मधे अंगण. त्या अंगणात कोबा करायचा होता. ठेकेदार शंभूनं सरळ सांगितलं, "आधी डावी बाजू करू. ती वाळली की उजवी." यात न कळण्यासारखं काही नव्हतं. पण सोसायटीचे चेअरमन कोंडीराम देशमाने पडले निवृत्त भूगोल शिक्षक. त्यातून त्याच संध्याकाळी नारायण पेठेत त्यांचं ‘जगातील संयोगभूमी’ या विषयावर व्याख्यान होतं. जन्मातलं पहिलं जाहीर व्याख्यान. त्यामुळे सकाळपासून त्यांना जिकडेतिकडे संयोगभूमीच दिसत होत्या.

"दोन्ही बाजू एकदम करायच्या," सर म्हणाले. "जायला-यायला मधे चिंचोळी पट्टी ठेवायची. दोन मोठे भूभाग, त्यांना जोडणारी अरुंद जमीन, दोन्ही अंगांना पाणी. पनामा असाच आहे."

"तिथला कोबा कुणी केलता?" शंभूनं विचारलं.

दुपारपर्यंत पट्टीच्या दोन्ही अंगांना ओला कोबा चकाकू लागला. सरांनी प्लायवूडची एक लांबलचक पाटी रंगवून शेजारी उभी केली : ‘ओल्या कोब्यावर पाय ठेवू नये. ठेवल्यास, आपण काय करीत आहोत हे आपल्याला कळत नाही, असे समजण्यात येईल. – चेअरमन.’ मग स्वतः पट्टीच्या मध्यावर उभे राहून ते येणाऱ्याजाणाऱ्याला पनामा समजावू लागले. दळण आणायला निघालेल्यांनाही सुटका नव्हती.

पुढच्या इमारतीतल्या सुरय्याभाभींनी मात्र खरंच लक्ष देऊन ऐकलं. "सर, त्या खऱ्या पट्टीवर उभं राहिलं तर दोन्हीकडचे समुद्र दिसतात?"

"तिथल्या एका उंच डोंगरावरून दिसतात म्हणे. हवा स्वच्छ असेल तर."

"म्हणे? तुम्ही पाहिले नाहीत?"

"मी नकाशा पाहिलाय," सर म्हणाले. संध्याकाळी हाच प्रश्न कुणी भर सभेत विचारला तर? घरी जाऊन त्यांनी टिपणं पुन्हा वाचली. त्यात सगळी मोजमापं होती. या प्रश्नाचं उत्तर तेवढं नव्हतं.

इकडे दोन्ही इमारतींची सगळी वर्दळ त्या एका पट्टीवर आली. स्कूटर गेल्या, गॅसच्या टाक्या गेल्या, शंभूच्या वाळूच्या गाड्या तर किती गेल्या. शेवटी खालचा जुनापुराणा पाण्याचा पाइप फुटला आणि पाणी ओल्या कोब्याकडे निघालं. शंभूनं पाणी बंद केलं आणि पट्टी आडवी खणायला घेतली.

इस्त्रीचा पांढरा सदरा घालून सर मागच्या इमारतीतून खाली उतरले, तेव्हा समोर चिखलानं भरलेला रुंद चर होता. फाटक पलीकडे. फाटकाबाहेर कॅब उभी, आणि तिचा ड्रायव्हर सारखा फोन करत होता.

"संयोगभूमी दिसली की माणसाला कालवा खणायची हुक्की येतेच," सर पुटपुटले. "पनामात खणला, सुएझला खणला, कोरिंथला खणला. कोरिंथला तर त्याआधी जहाजं जमिनीवरून ओढत न्यायचे."

"तुमाला न्यायचं का वडत?" शंभूनं मनापासून विचारलं.

वर खिडकीत सरांच्या पत्नी वेणूबाई उभ्या होत्या. "अहो, कालवा खणल्यावर तिथली माणसं पलीकडे कशी जातात?"

"पूल बांधतात."

"मग बांधा की. वाट कसली बघताय?"

शंभूच्या फळ्या सगळ्या कोब्याच्या कडेला ठोकलेल्या होत्या. पलीकडून सुरय्याभाभी म्हणाल्या, "सर, ती पाटी चांगली लांब आहे."

सरांनी पाटीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. शंभूनं पाटी चरावर आडवी टाकली. आपल्याच सुवाच्य अक्षरांवर पाय ठेवत सर निघाले. ‘असे समजण्यात येईल’पर्यंत सगळं ठीक होतं. तिथे पाटी कलंडली आणि सरांचा उजवा पाय घोट्यापर्यंत शेजारच्या ओल्या कोब्यात गेला. पाय वर आला, चप्पल आतच राहिली. भाभींनी पटकन नवऱ्याची, शमशुद्दीनभाईंची, एक निळी रबरी सपात आणून दिली आणि सर तसेच कॅबमध्ये बसले.

सभागृहात त्यांनी लांबी-रुंदीनं सुरुवात केली. लोक मात्र त्यांच्या पायांकडेच बघत होते. अखेर पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी हात वर केला. "आपण स्वतः एखादी संयोगभूमी पाहिली आहे का?"

सरांनी टिपणं मिटली.

"पाहिली? अहो, आज तिथेच अडकलो होतो."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पट्टी, वर्दळ, कालवा, पूल. आणि मधे मधे पनामा, कोरिंथ असे काही बेमालूम येत गेले, की वेळ संपल्यावरही लोक उठेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोबा कडक वाळला होता. शंभूनं छिन्नीनं चप्पल काढून दिली. पायाचा ठसा मात्र स्पष्ट उमटला होता.

"बुजवू का, सर?"

"राहू दे," खिडकीतून वेणूबाई म्हणाल्या. "जन्मभर नकाशावर नुसतं बोट ठेवलं त्यांनी. पाय पहिल्यांदाच लागलाय."

सरांनी मान डोलावली. त्यांना ते मनापासून पटलं होतं. शंभूनं पाटी धुतली आणि ठशाच्या अगदी शेजारी पुन्हा उभी केली. खाली चेअरमनची सही होतीच.