औषध, लाटणं आणि सहा सेकंद

नव्या पुस्तकाचं एकच पान वाचून बघायचं, एवढंच इंद्रजीत देवस्थळीनं ठरवलं होतं. तेही रविवारच्या खेळातल्या प्रितेशनं पुस्तक उघडून त्याच्या पुढ्यात सरकवलं म्हणून, नाइलाजानं. पान वाचून झालं आणि त्याच्या डोक्यात अशी तिडीक गेली, की नवीन पनवेलच्या त्या तिसऱ्या मजल्यावरचा आवाज खाली वॉचमनपर्यंत पोचला.

आता हे पुस्तक कसलं, ते सांगायला हवं. टेबलाभोवती चार जणांनी बसायचं, कागदावर आपापला योद्धा नाहीतर जादूगार लिहून काढायचा, फासे टाकायचे आणि कल्पनेतल्या राक्षसांशी लढायचं, असा एक खेळ आहे. (हो, मोठी माणसं खेळतात. इंद्रजीत पंचेचाळीस वर्षांचा होता.) त्यात एक जण गोष्ट चालवतो आणि बाकीचे त्याचं ऐकतात. गेली अकरा वर्षं दर रविवारी दुपारी, देवस्थळींच्या हॉलमध्ये, तो एक जण म्हणजे इंद्रजीत. एरवी तो तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा, आणि तिथं शिपाईसुद्धा त्याचं ऐकत नसे. घरी चारुता ऐकत नसे. अख्ख्या आठवड्यात हे चारच तास असे होते, की इंद्रजीत बोलला आणि डोंगर हलला.

हे सगळं जुन्या आवृत्तीच्या नियमांवर चालत आलेलं. जुन्या पुस्तकात एक पाळी म्हणजे सहा सेकंद. जखमी योद्ध्यानं त्यात एकतर औषधाची बाटली प्यावी, नाहीतर तलवार चालवावी. नव्या आवृत्तीत लिहिलं होतं, की बाटली पिऊन झाल्यावर त्याच पाळीत तलवारही चालवता येईल.

इंद्रजीतला हे सहनच होईना. अरे, औषध आहे की पाणीपुरी? बूच उघडायचं, घोट घ्यायचे, बाटली ठेवायची, तलवार उपसायची आणि वार करायचा, हे सगळं सहा सेकंदांत? अकरा वर्षं आपली माणसं बाटली की तलवार या विचारात घाम गाळत आली, त्यात दोन चांगले योद्धे गेले, आणि आता कोणीतरी उठतो आणि म्हणतो की दोन्ही करा. मग त्या दोघांनी काय घोडं मारलं होतं? उद्या म्हणतील झोपेतही लढा, घोरण्याचे वेगळे मार्क देऊ.

उरणचा कल्पेश कोळी बंदरात क्रेन चालवायचा, तो शांतपणे म्हणाला, "दादा, आमचा बापूस एका हातानं सुकाणू धरतो न दुसऱ्या हातानं चाय पितो. त्यात काय हाय?" समृद्धी कॉलेजात फिजिक्स शिकवायची. तिचं म्हणणं, वाद कशाला, करून बघू. हातच्या काकणाला आरसा कशाला?

आणि इथं इंद्रजीतनं आपल्या पायावर आपल्या हातानं धोंडा पाडून घेतला. त्याला कोणीही सांगितलं नसताना तो म्हणाला, की हे सहा सेकंदांत कोणी करून दाखवलं तर नवी आवृत्ती लागू. नवी आवृत्ती फक्त प्रितेशनं वाचलेली, तेव्हा गोष्ट प्रितेशनं चालवायची, आणि तीही त्याच्या उलव्याच्या घरी. आणि नाही जमलं तर ते पुस्तक पुन्हा या घरात आणायचं नाही. प्रितेशनं लगेच हात पुढे केला.

तलवार म्हणून लाटणं आलं. राक्षस म्हणून सोफ्यावर तक्क्या उभा केला. औषध म्हणून फ्रिजमधली कोकम सरबताची बाटली. योद्धा कोण, तर इंद्रजीतच, कारण तो सगळ्यात ज्येष्ठ (हे त्याचंच मत). समृद्धीनं मोबाइलवर वेळ लावली. इंद्रजीतनं बाटली उचलली, बूच दोन्ही बाजूंनी न्याहाळलं, उघडलं, तीन घोट सावकाश घेतले, ओठ पुसले, आणि तक्क्याला लाटणं टेकवलं. एकोणीस सेकंद. त्यानं विजयी मुद्रेनं सगळ्यांकडे पाहिलं.

समृद्धी म्हणाली, की जखमी माणूस लेबल वाचत नाही. कल्पेशनं तर राक्षस एव्हाना जेवून हात धुऊन गेला असता, असं सांगितलं. आपल्या प्रामाणिकपणावर शंका घेतलेली इंद्रजीतला चालत नसे, त्यात या वेळी ती खरी होती. तो भडकलाच. पुन्हा करतो म्हणाला, आणि फणकाऱ्यानं फ्रिजमधून दुसरी लाल बाटली ओढून काढली.

ती सरबताची नव्हती. तिच्यात आगळ होतं. कोकमाचा तो आंबट-खारट रस चमचाभर घातला तर पातेलंभर सोलकढी होते, आणि इंद्रजीतनं त्याचे दोन मोठे घोट एका दमात घेतले. पुढच्या दोन सेकंदांत ते परत बाहेर आले. दिवाळीत रंगवलेल्या पांढऱ्या भिंतीवर, सोफ्यावर, आणि नव्या आवृत्तीच्या नेमक्या त्याच पानावर. डोळे मिटलेल्या इंद्रजीतनं तशातही वार केला. लाटणं टेबलावरच्या दिव्याला लागलं आणि काच फुटली.

चारुता आतून आली. ती बालवाडीत शिकवायची आणि सोमवारच्या वर्गासाठी कागदाची फुलपाखरं कापत होती. हॉल गुंतलेला असल्यानं पलंगावर बसून कापत होती, अकरा वर्षं. तिनं आधी भिंत पाहिली, मग दिवा, मग नवरा. प्रितेशनं सगळं प्रकरण सांगितलं.

"म्हणजे जमलं तर हे सगळं उलव्याला होणार?" चारुतानं विचारलं.

"हो वहिनी."

"दर रविवारी?"

"दर रविवारी."

इंद्रजीतला अजूनही आशा होती. बायको म्हणजे शेवटी आपलं माणूस, ती हळूहळूच करेल, असं त्याला वाटत होतं (लग्नाला अठरा वर्षं होऊनही). चारुतानं ओढणी कमरेला खोचली. रोज सकाळी तीस पोरांच्या पाण्याच्या बाटल्या उघडणारी बाई ती. बूच कधी निघालं ते कोणाला दिसलंच नाही. सरबत प्यायली, लाटण्याचा दणका तक्क्याच्या बरोबर मध्यावर बसला, आणि तिनं बूच परतसुद्धा लावलं. चार सेकंद. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कोणाला?

तरी इंद्रजीत बोलला. ही अपवादात्मक व्यक्ती आहे, सर्वसाधारण योद्ध्याला हे लागू नाही, असं त्यानं पंधरा मिनिटं बजावलं. तोवर प्रितेशनं टेबलावरचे प्लास्टिकचे राक्षस डब्यात भरले होते.

पुढच्या रविवारी इंद्रजीत उलव्याला गेला नाही. प्रश्न तत्त्वाचा होता. आपण घडवलेल्या अकरा वर्षांच्या जगात परक्याच्या हुकमानं वागायचं? जमणार नाही. शिवाय त्याची खात्री होती, की चार वाजायच्या आत तिथं नियमावर काहीतरी अडणार आणि मग यांना देवस्थळी आठवणार. अनुभव काही दुकानात मिळत नाही. तो मोबाइल मांडीवर घेऊन खुर्चीत बसला. चारुतानं हॉलभर कागद पसरले होते आणि ती गुणगुणत होती, याचाही त्याला राग आला.

सव्वाचारला फोन वाजला. चारुताचा.

व्हिडिओ कॉल होता. कल्पेशचा योद्धा बेशुद्ध पडला होता. शेजारच्याला औषध पाजून त्याच पाळीत वारही करता येतो, असं नवं पुस्तक म्हणत होतं, आणि त्यावर तिथं जोरदार भांडण लागलं होतं. इंद्रजीत खुर्चीतून अर्धा उठला. इतक्या वर्षांनी कोणीतरी मुद्द्याचं विचारलं होतं.

"वहिनी," प्रितेश म्हणाला, "तुम्ही सांगाल ते फायनल."

"सांगायचं कशाला, दाखवतेच की," चारुता म्हणाली. तिनं खोकल्यासाठी केलेला ओव्याचा काढा वाटीत घेतला, फोन टेबलाला टेकवून उभा केला आणि हॉलभर नजर फिरवली. "इंद्रजीत, सोफ्यावर आडवा हो. नाहीतरी रिकामाच आहेस."

आडवं होता होता इंद्रजीत सांगू लागला, की जुन्या आवृत्तीत याची अख्खी पाळी जायची, आणि त्यामागे एक विचार होता.

"बेशुद्ध माणूस बोलत नाही."

हा अन्याय होता. अकरा वर्षं ज्यानं हे जग चालवलं, त्याला निदान एक वाक्य तरी बोलू द्यायला हवं होतं. ते ठणकावून सांगायला त्यानं तोंड उघडलं. चारुता त्याचीच वाट बघत होती. काढा खाली उतरला आणि कानाजवळच्या तक्क्यावर लाटणं बसलं.

"तीन सेकंद," फोनमधून समृद्धी म्हणाली. "नियम पास."