शेवटची हिरवी बाटली

औषध न घेता रोज दवाखान्यात येणारा रोगी मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे कामठ्याचा डोमाजी.

जर्मनीशी दुसरी लढाई चालू होती त्या दिवसांत मी तिथे कंपाउंडर होतो. रोगी घरून रिकामी बाटली आणत, दवाखान्याच्या ओसरीवर ओळीने ठेवत आणि स्वतः चिंचेखाली जाऊन बसत. बाटलीचा नंबर तोच माणसाचा नंबर. डोमाजीची हिरवी बाटली उजाडताच पहिली लागे. मग कुणी आलं की तो ती उचलून त्याच्या बाटलीमागे ठेवी. दुपारपर्यंत ती शेवटची झालेली असे. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं, “आपल्याले काई घाई नाई.”

गावाने त्याला संत ठरवून टाकलं होतं. मला तो संत अजिबात वाटत नसे, कारण दिवसभर तो माझ्याच डोक्यावर मिरे वाटे. एकदा दोन बाया लेकरं घेऊन आल्या. एकीचं आकांत करत होतं, म्हणून मी तिला आत घेणार, तर हा आडवा आला.

“रडून राहिला तो ठीक हाय, बाबू. चूप हाय त्याले पह्यले घ्या.”

चूप पोराचं अंग भाजत होतं. थोडा उशीर झाला असता तर हाती लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. डोमाजीचं खरं निघालं याचाच मला जास्त राग आला.

त्याची स्वतःची दुखणी रोज नवी. काल गुडघा, आज कान. जुने डॉक्टर त्याला शेवटी निवांत बसवून घेत. कान पाहता पाहता धानाची, नवेगाव बांध गावी दिलेल्या मुलीची चौकशी करत आणि बाटली रिकामीच परत देत.

मग खिशात घड्याळ असलेले नवे डॉक्टर आले. पहिल्याच आठवड्यात त्यांचा हुकूम सुटला, ज्याला रोग नाही त्याची बाटली ओळीत नको. सांगायचं काम अर्थातच माझ्यावर आलं.

दुपारी डॉक्टर जेवायला गेले, ओसरी रिकामी झाली. मी हिरवी बाटली डोमाजीच्या हातात दिली आणि उद्यापासून येऊ नका म्हटलं. वर विचारलं, लवकर येऊन नंबर मागे कशाला नेत होता?

तो धोतराच्या सोग्याने बाटली पुसत राहिला.

“पह्यल्या नंबरवाल्याले डाक्टर ऊठ म्हन्ते, बाबू. आखरीवाल्याले बस म्हन्ते. पोरीची माय गेल्यापासून घरी मले बस म्हननारं कोनी नाई.”

एवढं बोलून तो पायऱ्या उतरू लागला. मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःची लाजही वाटली. दवाखान्याला लावायचं कुलूप हातातच होतं, ते मी खिडकीत ठेवलं.

“डोमाजी, निघालात कुठे? बसा.”

तो वळला. बाटली ओसरीवर तिच्या जागी ठेवून बसला.

“आज डावा कान दुखून राहिला, बाबू.”

मी त्याचा कान पाहायला घेतला आणि मुलीचं कसं काय चाललंय ते विचारलं.