दुभाष्याचे मस्तकी पगडी कैसी आली

श्रीगजाननाचे चरणी मस्तक आणि आपले जिभेवर लगाम ठेवोन लिहिणे ऐसे जे. शके सोळाशें नव्याण्णव, हेमलंबी नाम संवत्सरे, चैत्र शुद्ध दशमीस एके राज्यी जे वर्तले ते येणेप्रमाणे. महाराजांनी आपले बुद्धीने नवी पगडी सिद्ध केली, उंची अडीच हात, शेंड्यास भिरभिरे, आणि ती घालोन दरबारी बैसले, मग टोपीकर इंग्रजाचा वकील आणि चिनी पातशहाचा वकील भेटीस आले. मध्ये मंगोजी शेणवी दुभाषे उभे. तीन पिढ्यांचे वतन एका शपथेवर टांगलेले, की बोलिला शब्द तितकाच पोचवावा, पदरचे कांही घालू नये. टोपीकर पगडी न्याहाळोन गंभीर मुद्रेने वदला की, ऐसे शिरोभूषण आमचे राजांस लाभले नाही, हे आमचे दुर्भाग्य. मंगोजी समजले की इंग्रज थट्टा करितो ती स्तुतीत गुंडाळोन, तरी शब्द तितकाच पोचविला. महाराज संतोषले. मग चिन्याने लवोन मुजरा केला आणि मागे वळोन आपलेच चाकरास झापिले की, मूर्खा, आत कांही नसले म्हणजे माणूस डोईवर इमले चढवितो. चाकर तो बोडका. मंगोजींनी तेही जैसेचे तैसे सांगितले. महाराज म्हणाले, चाकरांस धाक लाविणारा वकील बरा, आणि दोघांस शेले दिले, आणि हीच पगडी कन्येचे लग्नी मिरवावी ऐसा मनसुबा केला.

तो पडद्याआडोन राणीसाहेब बोलिल्या, “मंगोजी, शब्द पोचले. हसू कोठे ठेविलेत?”

गेले वतन, ऐसे मनी येऊन मंगोजी म्हणाले, “हसू पोचविण्याची शपथ नव्हती, सरकार.”

महाराजांनी पगडी उतरविली, बराच वेळ भिरभिऱ्याकडे पाहिले, मग ती मंगोजींचे डोईवर ठेविली आणि आज्ञा केली की, वतन राखिले, परंतु येथोन पुढे शब्दासवे हसूही पोचवावे.

दुसरे दिवशी वकील पुन्हा आले आणि टोपीकराने दुभाष्यांचे डोईवर ती पगडी पाहोन चार शब्द उच्चारिले. महाराज म्हणाले, “काय म्हणतात?”

“साहेब म्हणतात, मी फार बुद्धिमान दिसतो,” मंगोजी म्हणाले. मग शपथ स्मरोन घसा खाकरिला. “म्हणजे गाढव दिसतो, सरकार.”

महाराज पोट धरोन हसले, आणि चिनी वकील आपले बोडक्या चाकराकडे वळला.

येणेप्रमाणे कन्येचे लग्न साध्या पगडीने यथासांग पार पडले, राज्याची अब्रू राहिली, मंगोजींची तेवढी गेली. हकीकत संपली.